कुठली लूत?

भाद्रपदात गल्लीबोळांत कुत्र्यांचा जो धुडगूस चालतो, त्याचा हिशेब दिवाळीच्या आगेमागे लागतो. कुत्रीचे दिवस साधारण ६३. त्यामुळे कोल्हापूरच्या आसपास गुऱ्हाळं पेटायला आणि चिपाडांच्या ढिगाआड पिल्लांचे डोळे उघडायला एकच गाठ पडते. चुलवाणाची ऊब, सांडलेल्या काकवीचा वास, गुळव्याच्या भाकरीतला तुकडा. गावठी कुत्रीला व्यायला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही. मग कुणीतरी गूळ न्यायला येतो आणि ढेपेबरोबर एक पिल्लूही घेऊन जातो. त्याला नाव मिळतं, दूधभात मिळतो, पोरांच्या मांडीवर जागा मिळते. शिमगा जवळ आला की एके दिवशी त्याच्या डोळ्यावरचे केस गेलेले दिसतात.

आमच्याकडे आलेल्या पिल्लाचं नाव पोरांनी रंगावरून काकवी ठेवलं होतं. चार महिन्यांची झाली तेव्हा तिच्या डाव्या डोळ्यावर रुपयाएवढा चट्टा पडला, आठवड्याभरात ओठाच्या कोपऱ्याशी दुसरा. कातडी जरा तांबूस, थोडा कोंडा, बाकी पोरगी मजेत. निदान गल्लीनेच केलं आणि औषधंही गल्लीनेच आणली. उद्यमनगरात हयात घालवलेल्या एका काकांनी जळक्या ऑइलचा डबा आणून दिला. निपाणीकडच्या एका वहिनींनी तंबाखूचं पाणी सुचवलं. तिसऱ्या घरातून खोबरेल आणि गंधक आलं. समोरच्या आजींनी शेवटचा उपाय सांगितला, "लूत हाय ती. ल्हान पोरं हाईत घरात. रंकाळ्याच्या पल्याड सोडून या जावा."

डॉक्टरांनी मात्र चट्ट्याला हात लावायच्या आधी एकच विचारलं, "खाजवती काय?"

आठवून पाहिलं. नव्हती खाजवत. इतके दिवस आम्ही चट्ट्याकडे बघत होतो, पिल्लाकडे कुणी बघितलंच नव्हतं.

मराठीत 'लूत' हा शब्द फार ऐसपैस आहे. केस गेलेलं, खपल्या धरलेलं, वास मारणारं कुठलंही कुत्रं आपल्या लेखी लूतभरलं. पण या एका शब्दाखाली निदान दोन वेगळे आजार नांदतात. दोन्ही आजार डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या जिवांमुळे होतात, तिथंच त्यांचं नातं संपतं. एक आईच्या पोटाशी लागतो, दुसरा रस्त्यावरच्या कुणाकडूनही. पहिल्यात पिल्लू सहसा खाजवत नाही आणि पुष्कळदा काही न करताही बरं होतं. दुसऱ्यात ते रात्रभर झोपत नाही, आणि औषध दिल्याशिवाय सुटका नसते. उपाय उलटसुलट झाले की पहिल्या आजाराची पिल्लं रस्त्यावर सोडली जातात आणि दुसऱ्याची घरभर फिरतात. माझा सगळा राग या गफलतीवर आहे.

या जिवांना आपण सवयीने किडे म्हणतो, पण ते कीटक नव्हेत. शेतकऱ्याला हे समजवावं लागत नाही. वांग्याच्या पानामागे जे लाल ठिपके फिरतात त्यांना तो किडे म्हणत नाही, 'लाल कोळी' म्हणतो, आणि ते बरोबर आहे. कीटकाला सहा पाय असतात, कोळ्याला आठ. गोचीडही त्याच आठ पायांच्या गोतावळ्यातली. इंग्रजीतून आलेला 'माइट' हा शब्द याच बारीक कोळ्यांसाठी आहे. पिसू, ऊ आणि माइट यांना एकाच दावणीला बांधलं की औषधाची निवड चुकायला सुरुवात होते.

पहिला कोळी डेमोडेक्स. केसाच्या मुळाशी जी बारीक नळी असते तिच्यात तो डोकं खाली करून राहतो. अंग लांबट, चिरुटासारखं, आणि पुढच्या अर्ध्या भागात खुंट ठोकावेत तसे आठ आखूड पाय. लांबी साधारण मिलिमीटरचा चौथा हिस्सा. जवळजवळ प्रत्येक निरोगी कुत्र्याच्या अंगावर हे थोडेफार असतातच, त्याला काही त्रास होत नाही आणि त्याच्या मालकालाही पत्ता नसतो. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगावर एकही नसतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत ते आईच्या पोटाला तोंड लावून पितं, तेव्हा आईच्या कातडीवरून हे त्याच्या तोंडावर उतरतात. पोट फाडून काढलेल्या आणि आईपासून वेगळ्या वाढवलेल्या पिल्लांच्या अंगावर डेमोडेक्स सापडत नाही, यावरून ही वाट पक्की झाली. चट्टे आधी डोळ्याभोवती, ओठाशी आणि पुढच्या पायांवर का येतात, तेही यातून उलगडतं. दूध पिताना हेच भाग आईला टेकलेले असतात.

आपण कुत्र्याला नाक मुरडायचं कारण नाही. माणसाच्या चेहऱ्यावर, भुवयांत, पापण्यांच्या मुळाशी डेमोडेक्सच्याच दोन जाती राहतात, आणि वयात आलेल्या बहुतेक माणसांवर त्या असतात. १८४२ मध्ये गुस्टाव्ह सिमोन या जर्मन वैद्याने मुरुमांच्या पुटकुळ्या तपासताना हा कोळी पाहिला आणि त्याचं वर्णन केलं. मात्र कुत्र्याचा डेमोडेक्स माणसावर घर करत नाही आणि माणसाचा कुत्र्यावर. समोरच्या आजींची भीती या आजारापुरती तरी बिनबुडाची होती.

मग जन्माचा सोबती चौथ्या महिन्यात शत्रू का होतो? कारण त्याला आवरणारी पिल्लाची प्रतिकारशक्ती अजून पोरवयात असते. तीन ते सहा महिन्यांत दात बदलतात, अंग भराभर वाढतं, पोटात जंत असतात, घर बदललेलं असतं, आणि आपल्याकडे तर आहारही पुष्कळदा दूधभात आणि चपातीच्या पलीकडे गेलेला नसतो. राखणदार जरा पेंगला की नळीतले कोळी वाढतात, नळी फुगते, केस सुटतो. चार-पाचच्या आत चट्टे, एकेक रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा नाही, पिल्लू खेळतंय, खातंय, तर त्याला मर्यादित स्वरूपाचा आजार म्हणतात. अशा पिल्लांपैकी बहुतेकांचे केस सहा ते आठ आठवड्यांत आपोआप परत येतात. दहातली नऊ, असा हिशेब पशुवैद्यकाच्या पुस्तकांत मांडलेला असतो. जंताचं औषध, अंडं, थोडं मटण किंवा चांगलं खाणं, आणि धीर. काकवीला डॉक्टरांनी एवढंच दिलं. फीच्या मानाने फारच कमी दिलं, असं तेव्हा मला वाटलं होतं.

उरलेल्या एखाद्यात मात्र चट्टे एकमेकांना मिळतात, पंजे सुजतात, केसाच्या नळ्या फुटून आत पू होतो, अंगाला आंबूस वास सुटतो. आता पिल्लू खाजवतंही, कारण कोळ्यांच्या पाठोपाठ जिवाणू आलेले असतात. म्हणजे 'खाजवती काय' हा प्रश्न उपयोगी असला तरी शेवटचा शब्द नव्हे. हे सर्वांगाला पसरलेलं रूप जीव घेऊ शकतं, आणि महिनोन्‌महिने औषध मागतं.

ते कुणाला होतं याचा धागा बऱ्याचदा रक्तात सापडतो. एकाच वेताची दोन-तीन पिल्लं सर्वांगाने झडली तर आईबापांकडे बघायला हवं. टीव्हीवरच्या मोबाइलच्या जाहिरातीनंतर पगची मागणी वाढली आणि मिळेल त्या नर-मादीची जोडी लावून पिल्लं काढली गेली, त्याची फळं आजही दवाखान्यांत दिसतात. डॉबरमन, बुलडॉग, जर्मन शेफर्ड यांतही हा आजार पुष्कळ. आपल्या शेजारच्या मुधोळला घोरपड्यांच्या संस्थानात कारवानी कुत्र्यांची पैदास जपली गेली. त्या मुधोळ हाउंडचं चित्र २००५ साली भारतीय टपाल खात्याच्या तिकिटावरही आलं. अशा नामांकित कुळाची पैदास करताना धाव, छाती, शेपटी सगळं बघतात. पिल्लूपणी अंगभर झडलेल्या नराला किंवा मादीला पैदाशीतून बाजूला ठेवणारे मात्र थोडे. बरं झालं म्हणून काय झालं, कमजोरी पुढच्या वेतात उतरते. अशा मादीचं गर्भाशय अंडाशयांसकट काढून टाकण्याचा सल्ला देतात त्याला आणखी एक कारण आहे. ती माजावर आली की आजार उलटू शकतो.

आता दुसरा कोळी, सारकॉप्टिस. हीच खरी खरूज. अंग गोल, कासवासारखं, पाय इतके आखूड की मागचे दोन जोड वरून दिसतही नाहीत. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणत जाते आणि मागे अंडी टाकत जाते. अंड्यातून पिल्लू आणि त्याची पुन्हा मादी, हे चक्र दोन-तीन आठवड्यांत पुरं होतं. तिच्या विष्ठेची आणि लाळेची कातडीला जी ॲलर्जी येते, त्यातून ती भयानक खाज सुटते. थोड्याच कोळ्यांनी कुत्रं वेडं होतं. पिल्लू जेवता जेवता थांबून खाजवतं, अंगावर ऊन आलं की जास्त खाजवतं. कानाच्या कडा, कोपरं, मागच्या पायांचे घोटे आणि पोट, ही त्याची ठरलेली ठिकाणं. पाठ बऱ्याचदा शेवटपर्यंत शाबूत राहते.

घरी करून बघण्यासारखी एक खूण आहे. पिल्लाच्या कानाची पाळी दुमडून तिची कड तिच्याच आतल्या बाजूवर पाच-सहा सेकंद चोळायची. त्याच बाजूचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवू लागला तर खरजेचा संशय बळावतो. खरूज झालेल्या बहुसंख्य कुत्र्यांत पाय असा हलतो. खात्री नव्हे, पण डॉक्टरांना सांगण्याजोगी गोष्ट.

ही खरूज माणसाला लागते. पिल्लाला ज्या हातावर घेतलं त्या हातावर, पोटावर, मांडीवर बारीक लाल पुळ्या उठतात आणि रात्री खाज येते. पण कुत्र्याच्या या कोळ्याला माणसाच्या कातडीत वंश वाढवता येत नाही. पिल्लावर नीट उपचार झाले की माणसाची खाज सहसा दोन-तीन आठवड्यांत विरते. महिनाभर विरली नाही, बोटांच्या बेचक्यांत खाज असली, घरातल्या एकाकडून दुसऱ्याला लागत गेली, तर ती माणसांची स्वतःची खरूज असण्याचा संभव मोठा. मग कुत्र्यावर आळ न घेता त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे जावं.

आणखी दोघांचा नुसता उल्लेख. कानात राहणारा एक कोळी आहे. त्याने कान आतून काळ्या, कॉफीच्या भुकटीसारख्या मळाने भरतो आणि पिल्लू सारखं डोकं झटकतं. दुसरा पाठीवर कोंड्याखाली चालतो, इतका की कोंडाच हलतोय असं वाटतं. आणि गोल चट्टा म्हणजे कोळीच, असंही नाही. नायटा, म्हणजे बुरशी, अगदी तसाच दिसतो आणि तो पोराबाळांना पटकन लागतो. नुसत्या नजरेने यांची पारख होत नाही. मोबाइलवर फोटो पाठवून तर नाहीच नाही.

पारख करते काचपट्टी. डॉक्टर ब्लेडच्या बोथट केलेल्या पात्यावर तेलाचा थेंब घेतात, चट्ट्याच्या कडेची कातडी चिमटीत दाबतात, म्हणजे नळीतला डेमोडेक्स वर येतो, आणि रक्त जेमतेम पाझरेपर्यंत खरवडतात. पिल्लू एकदा कण्हतं. ती खरवड काचेवर, सूक्ष्मदर्शकाखाली. डेमोडेक्स असला तर बहुधा सापडतोच. डोळ्याजवळ किंवा पंजाच्या बोटांत खरवडता येत नाही, तिथं केस मुळासकट उपटून तेच बघतात. सारकॉप्टिस मात्र लबाड. पाच-सहा ठिकाणी खरवडूनही निम्म्याहून जास्त वेळा तो हाती लागत नाही. म्हणून डॉक्टर 'काही दिसलं नाही, तरी खरजेचंच औषध देतो' म्हणाले तर ते अंदाजपंचे बोलत नाहीत. लक्षणं जुळत असतील तर तसंच करायचं असतं.

या काचेखालच्या शोधाची गोष्ट मला फार आवडते. १६८७ साली इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात जोव्हान्नी कोझिमो बोनोमो हा वैद्य आणि दियाचिंतो चेस्तोनी हा औषधविक्या या दोघांनी माणसाची खरूज कोळ्यामुळे होते हे दाखवलं. खरूज रक्त बिघडल्याने होते असं तेव्हाची वैद्यविद्या मानत होती. बोनोमोला धागा मिळाला तो बायकांकडून. खरजुल्या पोरांच्या पुळ्यांतून त्या सुईच्या टोकाने काहीतरी बारीक काढत आणि ऊ मारावी तसं नखावर चिरडत. आयांना किडा ठाऊक होता, वैद्यांना नव्हता. एका विशिष्ट रोगाचं एक विशिष्ट, डोळ्याने दाखवता येणारं कारण, असं सांगणाऱ्या अगदी पहिल्या उदाहरणांत या शोधाची गणना होते. तरी वैद्यांनी तो मनावर घ्यायला दीडशे वर्षं लावली.

आता औषधांकडे, आणि आधी गल्लीतल्या औषधांकडे. गंधक खोटं नाही. तासगावचा द्राक्षबागायतदार भुरीवर गंधक मारतो, पिकावरच्या कोळ्यांवरही ते चालतं, आणि कुत्र्याच्या कोळ्यांवरही. चुना आणि गंधकाचं पाणी आजही पशुवैद्यकात वापरतात. त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो, पण अगदी लहान पिल्लांनाही ते चालतं. फक्त शेतीच्या दुकानातलं फवारणीचं गंधक ते नव्हे. करंजाचं आणि कडुनिंबाचं तेल फार तर खपली मऊ करतं. जळकं ऑइल मात्र विष आहे. इंजिनात तापून काळं झालेलं तेल, त्यात झिजलेल्या धातूचा अंश. ते कातडीतून आत जातं आणि पिल्लू चाटून पोटातही घेतं. लूत गेली आणि पिल्लूही गेलं, असा हिशेब होतो. तंबाखूच्या पाण्यातलं निकोटिन ओल्या, सोललेल्या कातडीतून रक्तात जातं. थरथर, लाळ, ओकाऱ्या आणि मग श्वास बंद. निपाणीच्या वहिनींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वखारीत नवीन आलेल्या पोरीबी तशाच ओकत्यात की." त्यांना पटलं.

दुकानातलं जनावरांचं औषध हा पुढचा टप्पा, आणि मला वाटतं आज खरा धोका इथंच आहे. कोल्हापूर हा म्हशींचा जिल्हा. १९६३ साली 'गोकुळ' दूध संघ उभा राहिला तेव्हापासून गावोगाव दूध संस्था आणि त्यांच्याभोवती जनावरांच्या औषधांची सोय झाली. ती सोय मोठी, पण सगळी मापं म्हशीची. कोळ्यांवर चालणाऱ्या आयव्हरमेक्टिनचं १ टक्क्याचं इंजेक्शन जनावराला ५० किलो वजनामागे १ मिली देतात. त्याच हिशेबाने ३ किलोच्या पिल्लाला लागतं ०.०६ मिली, सुईच्या टोकावर लोंबेल एवढा थेंब. पाच मिलीच्या पिचकारीत हे माप दिसतसुद्धा नाही. अर्धा मिली गेलं तर आठपट झालं. मग बाहुल्या विस्फारतात, पिल्लू दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खातं, झटके येतात, बेशुद्ध पडतं. यावर उतारा देणारं खास औषध नाही. सलाइन लावून वाट बघायची.

कोली आणि तिच्या कुळातल्या कुत्र्यांचं तर योग्य मापानेही वाटोळं होऊ शकतं. मेंदूत औषध शिरू न देणारा पहारेकरी, एका जनुकातल्या दोषामुळे, त्यांच्यात कामावर नसतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ मध्ये हा दोष ओळखला. सहा आठवड्यांखालच्या कुठल्याच पिल्लाला आयव्हरमेक्टिन देत नाहीत. त्यांच्या मेंदूभोवतीची ती भिंत अजून पुरती बांधून झालेली नसते.

तरी त्या औषधाला नुसतं भिऊन चालणार नाही. जपानमधल्या इतो शहराजवळ एका गोल्फच्या मैदानालगतची चिमूटभर माती सातोशी ओमुरा यांनी गोळा केली. तिच्यातल्या जिवाणूतून विल्यम कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे औषध घडवलं. १९८१ पासून ते जनावरांसाठी मिळू लागलं, पुढे नदीअंधत्वापासून कोट्यवधी माणसांचे डोळे त्याने वाचवले, आणि २०१५ चं नोबेल या दोघांना (तू यूयू यांच्यासोबत) मिळालं.

अमित्राझचाही धोका मापाचाच. गोचिडांसाठी मिळणारं १२.५ टक्क्यांचं हे औषध पिढीभर डेमोडेक्सवरचा मुख्य इलाज होतं. केस भादरून, आंघोळ घालून, पातळ केलेल्या औषधाचा ओला बोळा अंगभर फिरवायचा, दर आठवड्या-पंधरवड्याला, महिनोन्‌महिने. अंगावर चढलं की कुत्रं गुंगतं, नाडी मंदावते. चार महिन्यांखालच्या पिल्लाला ते देत नाहीत, आणि लावणाऱ्याला दमा किंवा मधुमेह असेल तर त्यानेही हात घालू नये. कॅपने मोजून बादलीत ओतणाऱ्यांनी किती पिल्लं मारली असतील, कोण जाणे.

गेल्या दहा-बारा वर्षांत हे सगळं चित्रच पालटलं. अफॉक्सोलानर, फ्लुरालानर, सारोलानर, लोटिलानर अशी जड नावं असलेल्या गोळ्या आल्या. पिसवा-गोचिडांसाठी बनवलेल्या, पण दोन्ही प्रकारच्या लुतीवर लागू पडल्या. कोळ्याच्या मज्जातंतूंतला असा दरवाजा त्या बंद करतात, जो कुत्र्याच्या तंतूंत तितका हळवा नसतो. महिन्याला एक, काही तीन महिन्यांना एक गोळी, चवीला खाऊसारखी. सर्वांग झडलेल्या पिल्लाची खरवड पहिल्या महिना-दोन महिन्यांतच जवळजवळ स्वच्छ येते. साधारण आठ आठवड्यांनंतर आणि किमान वजन भरल्यावर त्या चालतात, नेमकं वय-वजन प्रत्येक पाकिटावर वेगळं. फिट येणाऱ्या कुत्र्यांत जपून वापरा, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला आहे. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांसाठी मानेवर थेंब टाकायची औषधं आहेत, त्यांतली काही सहा-सात आठवड्यांपासून चालतात. गोळी महाग आहे, हे खरं. पण अमित्राझच्या बारा आंघोळींचा, रजांचा आणि शाम्पूचा खर्च मांडून बघा.

आणखी एका औषधाबद्दल मला सांगितलंच पाहिजे, कारण त्याची किंमत आम्ही मोजली आहे. काकवीच्या कितीतरी आधी आमच्याकडे राजा नावाचा कुत्रा होता. पिल्लूपणी त्याला चट्टे आले, आणि एकाने खाज थांबायचं इंजेक्शन दिलं. चार दिवसांत कातडीची लाली गेली, आम्ही त्या माणसाचे पाय धरायचे बाकी ठेवले होते. दोन आठवड्यांनी राजा शेपटीपासून नाकापर्यंत सोलल्यासारखा झाला. ते स्टेरॉइड होतं. डेमोडेक्सला आवरणारा राखणदार आधीच पेंगलेला, स्टेरॉइड त्याला झोपवतंच. काचपट्टी न बघता दिलेलं खाजेचं इंजेक्शन म्हणजे जुगार आहे. हाच नियम माणसांच्या नायट्यावर मिळणाऱ्या तीन औषधं एकत्र असलेल्या मलमांना. ती पिल्लाला लावू नका, त्यांत बहुतेकदा स्टेरॉइड असतं.

उपचार कुठं थांबवायचा, तेही दोन आजारांत वेगळं. डेमोडेक्समध्ये केस आले की मालक थांबतो, डॉक्टर थांबत नाहीत. महिन्याच्या अंतराने लागोपाठ दोन खरवडी निखळ आल्या की मगच औषध बंद. खरजेत उलट, एकट्या पिल्लाचा उपचार व्यर्थ. घरातलं, गोठ्यातलं, दारात भाकरीला येणारं प्रत्येक कुत्रं एकाच वेळी. अंडी औषधाला दाद देत नाहीत, म्हणून महिना-दीड महिना पाळीने औषध. पिल्लाखालचं पोतं जाळून टाकावं, चादर उकळत्या पाण्यात धुवावी. कुत्र्याच्या अंगावरून उतरलेला कोळी काही दिवस जिवंत राहतो, आणि आपल्या पावसाळी, दमट हवेत जास्तच. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत एकाच ओसरीखाली दाटीने झोपणाऱ्या भटक्या कुत्र्यांत खरूज का पसरते, याचं दुसरं काही कारण शोधायला नको.

त्या भटक्यांसाठीही ही नवी गोळी वरदान ठरली आहे. पूर्वी खरजुलं कुत्रं पकडून आंघोळ घालणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. आता वजनाचा अंदाज घेऊन डॉक्टरांनी दिलेली गोळी मटणाच्या तुकड्यात घातली की काम होतं. पाजणाऱ्या कुत्रीला कुठली चालते, एवढं मात्र विचारून. नरसोबाच्या वाडीला गेलो की आपण दत्ताची तसबीर घेतो. तिच्यात पायाशी चार कुत्री असतात, त्यांनाही हात जोडतो. घाटावर पायऱ्यांशी लोळणाऱ्या पाचव्याला मात्र दगड.

कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर कोल्हापूर शहरात आता बरेच आहेत, सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने तालुक्यांत आहेत, आणि फारच अडलेल्या रुग्णासाठी पुण्याच्या वाटेवर शिरवळला १९८८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे काचपट्टी कुठंच फार लांब नाही.

काकवीच्या डोळ्यावर गुढीपाडव्यानंतर मखमलीसारखी लव आली, आणि वैशाखात चट्टा कुठं होता ते शोधावं लागलं. समोरच्या आजी आता तिला बिस्कीट टाकतात.

तुमच्या पिल्लाला चट्टा दिसला तर दवाखान्यात न्यायच्या आधी त्याला आंघोळ घालू नका आणि अंगाला तेल, मलम, काहीही लावू नका, खरवड बिघडते. घरच्या काट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग पिल्लाला घेऊन, आणि दोन्हींतला फरक कागदावर लिहून न्या. पिल्लाचं वजन आठवड्यागणिक बदलतं, आणि औषधाचं माप त्या आकड्यावर ठरतं.